लाल पट्टी

चाचणीच्या नवव्या दिवशी ‘साक्षी’ने नांदापूरकर सरांच्या मेलला शंभरपैकी एकेचाळीस गुण दिले आणि त्याच्या माथ्यावर लाल पट्टी डकवली : ‘हा मजकूर या व्यक्तीचा नसावा.’

केतकी दहिफळेला हसू आलं. या कारखान्यात मेल कसा लिहायचा हे ज्यांनी सगळ्यांना शिकवलं, त्यांचाच मेल त्यांचा नाही म्हणे.

वाळूजच्या औद्योगिक वसाहतीतला हा कारखाना डायलिसिससाठी लागणारं द्रावण बनवत असे. दहा-दहा लिटरचे कॅन नांदेड, परभणी, अकोल्याच्या डेपोंत जात आणि तिथून लहानमोठ्या रुग्णालयांत. विश्वंभर नांदापूरकर गुणवत्ता विभागाचे प्रमुख. बॅच बाहेर सोडायची की अडवायची, हे त्यांच्या मेलवर ठरे. बावीस वर्षं ते तो मेल साध्या मराठीत लिहीत आले होते, कारण डेपोतल्या माणसाला एका वाचनात कळलं पाहिजे असा त्यांचा आग्रह. आधी आकडा, मग कारण, शेवटी काय करायचं ते. केतकी परळीहून बी.एस्सी. होऊन इथे आकडे भरायच्या कामावर लागली, तेव्हा तिच्या पहिल्याच मेलचा कागद काढून सरांनी तो शिसपेन्सिलीने दुरुस्त करून दिला होता. चौदा ओळींच्या चार झाल्या होत्या. आता ती संगणक विभाग सांभाळत होती. विभाग म्हणजे ती एकटीच.

साक्षी ही मेल पारखणारी प्रणाली विकत घ्यावी की नाही, हे ठरवायचं काम संचालक लोहाडेंनी तिच्यावर टाकलं होतं. दिवसच तसे आले होते. पासवर्ड चोरता येत होते. दोन मिनिटांच्या रेकॉर्डिंगवरून कुणाचाही आवाज हुबेहूब काढता येत होता. मागच्या वर्षी वसाहतीतल्याच एका औषध कंपनीच्या डेपोला मालकाच्या आवाजात फोन आला आणि मुदत संपलेला माल बाजारात गेला. तेव्हापासून रुग्णालयांनी अट घातली, की फोनवरचा हुकूम कोणी मानायचा नाही. मेल हवा, आणि तो त्याच माणसाने लिहिला आहे याची खात्री हवी.

साक्षी ही खात्री देई ती लिहिण्याच्या सवयीवरून. माणूस कशाबद्दल लिहितो हे विषयावर ठरतं. पण तो ‘तरी’ लिहितो की ‘तरीसुद्धा’, ‘म्हणून’ वाक्याच्या तोंडाशी आणतो की मध्ये, किती शब्दांनंतर दम खातो, हे तो ठरवत नाही. ते आपसूक होतं, चालण्यासारखं. ओळखीचा माणूस तोंड दिसायच्या आधी चालीवरून ओळखू येतो, तसं. साक्षी प्रत्येकाचे तीन वर्षांचे जुने मेल वाचून अशा चारशे सवयींचं माप घेई आणि नवा मेल त्या मापाशी ताडून बघे. साठच्या वर हिरवी पट्टी, खाली लाल.

चाचणी जानेवारीभर चालणार होती. तोवर मेल अडणार नव्हते, नुसती पट्टी लागणार होती. लाल पट्टीच्या प्रत्येक मेलबद्दल केतकीने त्या माणसाला विचारायचं आणि ‘खरा’ किंवा ‘बनावट’ अशी नोंद करायची. आमचे मेल ही वाचत बसणार का, म्हणून लोकांनी कुरकुर केली होती. तेव्हा लोहाडेंनी ठरवून दिलं की चाचणीत ती मजकूर उघडणार नाही. तिला विषय आणि गुण तेवढे दिसतील.

सरांच्या त्या मेलचा विषय होता ‘माझ्याबद्दल’. पाठवला होता लोहाडेंना. लोहाडेंनी लाल पट्टी पाहिली आणि न वाचताच तो तिच्याकडे ढकलला.

तिने सरांना फोन लावला. आत्ताचा मेल तुम्हीच केलात ना, असं विचारलं.

“हो,” सर म्हणाले. “मी. मीच.”

केतकीने नोंद केली : खरा. यंत्र चुकलं.

पुढच्या आठवड्यात यंत्र आणखी सहा वेळा चुकलं आणि सहाही वेळा सरांच्याच बाबतीत; तेही मेल लोहाडेंनी लाल पट्टी बघून न वाचताच सोडून दिले होते. बाकीच्या एकशे चाळीस माणसांत एकही चूक नाही. एखादं उपकरण एकाच नमुन्यावर सारखं चुकत असेल, तर आधी नमुना बघावा, हे केतकीला शिकवावं लागत नव्हतं. तिने साक्षीला उलटं चालवलं. सरांचे तीन वर्षांचे सगळे मेल ओळीने तपासायला लावले आणि गुणांचा आलेख काढला.

पहिली पावणेदोन वर्षं रेषा पंचाण्णवच्या आसपास सपाट होती. मग उतार लागला होता. गेले चौदा महिने ती उतरतच होती. साक्षीने सवयींची फोडही करून दिली होती. जोडवाक्यं गेलेली. वस्तूंची नावं कमी होत गेलेली, त्यांच्या जागी ‘ते’, ‘तिकडचं’, ‘ती वस्तू’. वाक्य सरासरी अकरा शब्दांवरून चार शब्दांवर आलेलं. दुसरा कोणी सरांच्या नावाने लिहीत असता, तर रेषा एका दिवसात कोसळली असती. ही एकेक पायरी खाली आली होती. केतकीने ती रेषा पुन्हा वरून खाली वाचली. सरांकडून शब्द निघून चालले होते. गेले वर्षभर सर बोलण्याऐवजी मान डोलावतात, हसतात, “ठीक आहे” म्हणतात. ते वयाने शांत झालेत असं तिने धरून चाललेलं होतं.

पण आलेखात आणखी काही होतं. उतरत्या रेषेच्या वर, शहाण्णव-सत्त्याण्णवच्या पातळीवर, सुटे ठिपके होते. ते सगळे बॅच सोडल्याचे मेल होते. त्यातला एक गेल्याच आठवड्यात सकाळी अकरा वीसला गेला होता, आणि त्या वेळी सर तपासनीसांच्या बैठकीत केतकीच्या शेजारच्या खुर्चीत बसलेले होते. मोबाइल सगळ्यांचे बाहेर जमा होते.

सतरा जानेवारीला दुपारी ती प्रयोगशाळेत गेली. फरहीन पटेल ही तिथली वरिष्ठ केमिस्ट, केतकीच्याच वयाची. डब्यातली पोळी अर्धी-अर्धी करून दोघींनी इथे दहा वर्षं काढलेली. केतकीने आलेखाचा कागद पुढे केला. फरहीनने तो पाहिला, हातमोजे काढले, दार लोटून घेतलं.

तिने नाकारलं नाही. सरांचं काय होतंय हे विभागात सगळ्यांत आधी तिलाच कळलं होतं. पुण्याच्या डॉक्टरांनी मेंदूच्या भाषेच्या भागाचा आजार सांगितला होता. तो मागे फिरणारा नव्हता. सरांची बायको रडत तिच्याकडे आली होती. तेव्हापासून फरहीन आणि तिचे दोन सहकारी बॅचचे कागद तपासत, सरांना दाखवत, सर मान हलवत, आणि मग ती सरांच्या खात्यातून मेल लिही.

“सरांसारखं लिहायला काय लागतं? आपण सगळे तसंच लिहितो. तू पण.”

“तपासणी कोण करतं?”

“तिघं. एकेक कागद तीनदा. चौदा महिन्यांत एक बॅच हुकली असेल तर दाखव मला.”

तशी एकही बॅच नव्हती. केतकीने विचारलं, सरांच्या हातात आता काय राहिलंय. फक्त फ्लेम फोटोमीटरचं, म्हणजे क्षार मोजायच्या यंत्राचं, प्रमाण-द्रावण, फरहीन म्हणाली. दर पंधरवड्याला ते स्वतः क्षार तोलून बनवतात, बावीस वर्षं तेच बनवतात, आणि त्या वेळी ते अगदी पहिल्यासारखे दिसतात. हातांना शब्द लागत नाहीत.

“ऑक्टोबरात रिटायर होतायत, केतकी. नऊ महिने राहिले. त्या माणसाला ताठ मानेने गेटबाहेर जाऊ दे.”

“आणि पेशंट?”

“म्हणून तर तीनदा बघतो ना, बाई. मला काय झोप येते?”

केतकी जागेवर परत आली. अहवालाला प्रत्येक माणसाचा चाचणीच्या महिन्याचा आलेख जोडायचा होता. सरांचे मेल ‘खरे’ धरले, तर त्या उतरत्या रेषेचं टोक लोहाडेंच्या टेबलावर जाणार होतं, आणि त्याच्या मागोमाग फरहीनची चोरी. ‘बनावट’ म्हटलेले मेल मात्र आलेखात धरले जात नसत. मग उरणार होते ते वरचे ठिपके. सपाट, निरोगी, शहाण्णव.

तिने आयुष्यात उपकरणाचं एकही माप खोटं नोंदवलेलं नव्हतं. कॉलेजात लंबकाचा प्रयोग बिघडला, तेव्हाही तिने बिघडलेलंच उत्तर लिहून दिलं होतं. त्या दुपारी तिने सरांच्या सात मेलांपुढची नोंद एकेक करून बदलली. बनावट. बनावट. फरहीनने लिहिलेल्या मेलांना हिरवी पट्टी होतीच, त्यांना हात लावायची गरज पडली नाही.

साक्षीची अचूकता भरली नव्व्याण्णव पूर्णांक दोन टक्के. ते सात मेल कोणी केले हे न विचारता, यंत्राने ते पकडले यावरच लोहाडे खूश झाले. एक फेब्रुवारीपासून साक्षी पूर्ण कामाला लागली. म्हणजे लाल मेलला आता नुसती पट्टी लागत नव्हती, तो थेट बंद पेटीत पडत होता. ज्याला पाठवला त्याला पत्ताच नाही. नव्या नियमाने पेटी उघडायचा अधिकार केतकीला होता. आणि सरांच्या बाबतीत साक्षी आता जास्तच ठाम झाली होती, कारण सात वेळा तिला तसं सांगितलं गेलं होतं.

पहिल्या आठवड्यात सर केतकीच्या टेबलाशी आले. पडद्याकडे बोट करून त्यांनी खूप प्रयत्नाने सांगितलं, “उत्तर. येत नाही.”

“सर्व्हरचं काम काढलंय, सर. येईल.”

सरांनी पुन्हा पडद्याकडे पाहिलं. मग मान डोलावून गेले. केतकीच्या शब्दावर त्यांचा विश्वास होता.

पेटीतला सरांच्या नावापुढचा आकडा वाढत होता. तीन, पाच, नऊ. केतकी उघडत नव्हती. दुसऱ्याचं खासगी वाचू नये, असं ती स्वतःला सांगे. उघडलं तर काहीतरी करावं लागेल, हे तिला पक्कं माहीत होतं.

फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात, गुरुवारी सकाळी, सर पुन्हा आले. या वेळी ते बोलले नाहीत. त्यांनी तराजूतून छापून निघालेली एक लहानशी पावती तिच्यापुढे ठेवली आणि तिच्यावर बोट दाबून धरलं. पोटॅशियम क्लोराइड, ०.९५३ ग्रॅम. तारीख दोन फेब्रुवारीची. बोट इतकं दाबलेलं होतं की नख पांढरं पडलं होतं.

केतकीला अर्थ लागेना. तिने फरहीनला बोलावलं. फरहीनने पावती दोनदा वाचली आणि काय झालं ते सांगितलं.

एक लिटर प्रमाण-द्रावणाला १.९०७ ग्रॅम लागतो. सरांनी अर्ध्या लिटरच्या फ्लास्कचं वजन घेतलं होतं आणि ते एक लिटरच्या फ्लास्कात टाकलं होतं. फोटोमीटर स्वतःहून काही जाणत नाही. त्याला एक द्रावण दाखवून सांगावं लागतं की हे इतकं आहे, आणि मग तो बाकीचं त्याच्याशी ताडून मोजतो. गजाची पट्टीच निम्म्या लांबीची छापली, तर कापड मोजणारा कितीही प्रामाणिक असो, गिऱ्हाइकाला निम्मंच कापड जातं. पोटॅशियम दुप्पट दिसतंय म्हणून फरहीननेच टाकीतला क्षार कमी केला होता. मग कागदावर सगळं चोख आलं, आणि तिघांनी ते तीनदा तपासलं. रुग्णालयातली यंत्रं द्रावणातल्या एकूण क्षारांवरून विजेचं वहन तेवढं मोजतात. त्यात पोटॅशियमचा वाटा इतका थोडा, की तो निम्मा झाला तरी काटा हलत नाही. हलतं ते पेशंटचं हृदय.

“ही पावती सोमवारी पण दिली होती त्यांनी मला,” फरहीन म्हणाली. सोमवारी नवं द्रावण करायची पाळी होती, तेव्हाच ही जुनी पावती त्यांच्या हाती लागली असणार. सर असे पुष्कळ कागद आणून देत. ती ‘बघते सर’ म्हणे आणि खणात ठेवी.

केतकीने पेटी उघडली. सोमवारपासून चौदा मेल होते. लोहाडेंना आणि सगळ्या डेपोंना. ‘अर्धं टाकलं मी. बाटलीत. अर्धं. ते सगळं थांबवा.’ ‘माल देऊ नका. तो नाही. चूक माझी.’ ‘थांबवा.’ गुण एकोणीस, बावीस, सोळा. मग ती चाचणीच्या नोंदींत मागे मागे गेली आणि जानेवारीचा तो पहिला मेल तिने उघडला. ‘साहेब. शब्द जातात माझे. हे काम दुसऱ्याला द्या. मी हो म्हणतो पण मला कळत नाही. फरहीन चांगली आहे. तिला द्या.’

जानेवारीतले पुढचे सहा आणि सोमवारच्या आधी पेटीत पडलेले नऊ, सगळे तेच सांगत होते, आणखी कमी शब्दांत.

तिने नांदेडच्या डेपोला फोन लावला. तिथले काकडे तिला सात-आठ वर्षं ओळखत होते. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. “मॅडम, हा तुमचाच आवाज आहे हे मी कशावरनं समजू? मेल टाका. दहा मिनिटांत माल बाजूला काढतो.” त्यांचं चुकत नव्हतं. परभणीनेही तेच सांगितलं. पेटीतले मेल तिने सोडायचा प्रयत्न केला. साक्षीने कळवलं की ‘बनावट’ ठरलेल्या मेलांची नोंद बदलायला चोवीस तासांची फेरतपासणी लागेल. आणि माल परत मागवायचा अधिकार सरांशिवाय कुणाला नव्हता.

तेव्हा केतकी सरांच्या संगणकापुढे बसली. सर शेजारच्या स्टुलावर. तिने लिहिलं : ‘बॅच ४१२ ते ४१९ मध्ये पोटॅशियम निम्मं आहे, दोनऐवजी एक. प्रमाण-द्रावण चुकीच्या वजनाने बनवलं गेलं, म्हणून आमच्या तपासणीत ते दिसलं नाही. हा सगळा माल आत्ता वेगळा काढावा आणि जिथे पोचला असेल तिथे वापर लगेच थांबवून उलट मेलने कळवावं.’

हिरवी पट्टी. अठ्ठ्याण्णव.

सरांनी तो मजकूर बोट फिरवत वाचला. एकदा, मग पुन्हा. “चांगलं आहे,” ते म्हणाले. ते हे वाक्य बोलले तेव्हा त्यांच्या तोंडावर क्षणभर जुना मास्तर दिसला, आणि लगेच गेला.

आठ मिनिटांत डेपोंची उत्तरं आली. नांदेड, अकोला, सगळा माल जागेवर. परभणीतून मात्र बारा कॅन आठवड्याच्या सुरुवातीलाच हिंगोलीच्या एका सहा खाटांच्या केंद्रात गेले होते. दुपारी तिथल्या तंत्रज्ञाचं उत्तर आलं. मंगळवारी एक जण उपचार चालू असतानाच गेला, एसटीचा ड्रायव्हर होता. बुधवारी एक बाई घरी पोचून तासाभरात. शाळेत खिचडी शिजवायच्या. डॉक्टरांनी दोन्हीकडे हृदय बंद पडल्याचं लिहिलंय. बाकीच्या चौघांना बोलावून घेतो आहोत, असं त्याने लिहिलं होतं, आणि खाली विचारलं होतं की तुम्हाला हे कळलं कधी.

मंगळवार आणि बुधवार. सरांचा पहिला मेल सोमवारी सकाळी दहा दहाचा होता.

केतकीने सगळे तीस मेल कागदावर काढले. फरहीन येते म्हणाली. केतकीने तिला प्रयोगशाळेतच थांबवलं, नवं द्रावण बनवायला आणि उरलेले नमुने पुन्हा तपासायला. सरांना घेऊन ती लोहाडेंच्या केबिनमध्ये गेली.

लोहाडेंनी कागद वाचायला घेतले. वाचता वाचता त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला. पहिला मेल त्यांनी बाजूला काढला. मग ते सावकाश म्हणाले की हा मेल माझ्या नावाने आला होता.

“हो साहेब.”

“ही लाल पट्टी...”

“मशीन चुकलं साहेब. मेल खरे आहेत. सगळे.”

तेवढ्यात सर पुढे झाले. त्यांनी टेबलावर तळहात टेकला आणि शब्द शोधायला लागले. ओठ हलत होते.

“मी,” सर म्हणाले. “तिचं नाही. मी. माझं.”

लोहाडेंचा चेहरा किंचित सैल पडला. केतकीने ते पाहिलं. एक आजारी माणूस, त्याची एक चूक, आणि विकत घेतलेल्या यंत्राची एक चूक. यात सगळं बसत होतं. औषध प्रशासनाला सांगता येण्याजोगं होतं. फरहीनचा त्यात कुठे उल्लेख नव्हता, केतकीचा नव्हता, लोहाडेंनी न वाचलेल्या मेलचाही नव्हता. लोहाडेंनी वही ओढली आणि लिहायला सुरुवात केली, की गुणवत्ता प्रमुखांच्या प्रकृतीची कंपनीला आजपर्यंत कल्पना नव्हती. लिहिता लिहिताच, मान वर न करता, त्यांनी विचारलं, “बरोबर ना, केतकी मॅडम? कुणालाच नव्हती.”

सर तिच्याकडे बघत होते. त्यांनी हलकेच मान हलवली. हो म्हण.

“सतरा जानेवारी,” केतकी म्हणाली. “मला सतरा जानेवारीपासून माहीत होतं.”

लोहाडेंचं पेन थांबलं. केतकी शेजारच्या खुर्चीवर बसली, कारण आता सगळं सविस्तर सांगावं लागणार होतं, आणि ते सांगू शकणारी त्या खोलीत ती एकटीच होती.